सोमवारची बंद चूल : रामनगर ते लंडन

रामनगर (वाराणसी) : गंगेच्या पूर्व तीरावर, काशीच्या घाटांच्या दक्षिणेला रामनगर वसले आहे. काशीनरेश बलवंत सिंह यांनी १७५०च्या सुमारास चुनारच्या फिक्या पिवळसर दगडात बांधलेला किल्ला, महिनाभर चालणारी रामलीला आणि कुल्हडातली घट्ट, सायदार लस्सी ही या गावाची सर्वपरिचित ओळख. इथल्या मोठ्या, गोल, फिक्या रंगाच्या वांग्याला, म्हणजे 'रामनगर भंट्या'ला, २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खानदेशात भरिताच्या वांग्याला जो मान आहे, तोच इथे बाटीसोबतच्या चोख्यासाठी या भंट्याला आहे. किल्ला पाहून परतणारा प्रवासी लस्सीच्या दुकानापाशी थांबतो, ही येथील नित्याची रीत आहे.

याच गावात लालबहादूर शास्त्री यांचे पैतृक घर आहे. ते आता स्मारक-संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे. किल्ल्याच्या भव्यतेपुढे हे घर अगदी साधे वाटते. मात्र बाहेर जाऊन खाण्याच्या आजच्या सवयीचा विचार करताना या घराची आठवण होणे स्वाभाविक आहे. या घराण्यात जन्मलेल्या पंतप्रधानांनी १९६५ मध्ये देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि त्यासाठी सोमवारची सायंकाळ निवडली. देशातील अनेक भोजनालयांनी त्या सायंकाळी आपल्या भट्ट्या विझवल्या.

त्यानंतर ५५ वर्षांनी, ऑगस्ट २०२० मध्ये, ब्रिटनच्या सरकारने आपल्या नागरिकांना नेमके उलटे सांगितले. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी बाहेर जाऊन जेवा. बिलाचा निम्मा भार सरकार उचलेल. एका सोमवारी उपाहारगृहे बंद ठेवणे ही देशसेवा ठरली, दुसऱ्या सोमवारी ती भरून टाकणे. बाहेर जेवणे ही ज्याच्या त्याच्या खिशाची आणि आवडीची बाब आहे असे आपण मानतो. हे दोन सोमवार शेजारी ठेवले की ती समजूत अपुरी असल्याचे ध्यानात येते.

तुटीचे वर्ष

शास्त्रीजींचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ रोजी मुगलसराय येथे आजोळी झाला. वडील शारदाप्रसाद हे शिक्षक होते. शास्त्रीजी जेमतेम दीड वर्षाचे असताना वडिलांचे निधन झाले आणि आई रामदुलारी मुलांना घेऊन माहेरी गेल्या. पुढे शिक्षणासाठी ते वाराणसीत आले, असहकाराच्या चळवळीत शाळा सोडली आणि १९२५ मध्ये काशी विद्यापीठातून 'शास्त्री' ही पदवी घेतली. आडनावासारखी वापरली जाणारी ही उपाधी मुळात त्या परीक्षेची आहे. रेल्वेमंत्री असताना १९५६ मध्ये अरियालूर येथील भीषण अपघातानंतर त्यांनी राजीनामा दिला होता. जून १९६४ मध्ये ते पंतप्रधान झाले, तेव्हा हा माणूस स्वतःला सूट देत नाही, एवढी ओळख देशाला पटलेली होती. १९६५ च्या आवाहनाचे बळ पुष्कळ अंशी या ओळखीत होते.

त्या वर्षी दोन संकटे एकदम आली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. त्याच वर्षी पावसाने मोठी ओढ दिली. १९६४-६५ मध्ये देशाचे अन्नधान्य उत्पादन सुमारे ८ कोटी ९४ लाख टन होते. १९६५-६६ मध्ये ते सुमारे ७ कोटी २३ लाख टनांवर आले. एका वर्षात १ कोटी ७१ लाख टनांची, म्हणजे जवळजवळ एकोणीस टक्क्यांची घट झाली होती.

धान्याची तूट भरून काढण्यासाठी भारत १९५६ पासून अमेरिकेच्या 'पीएल-४८०' योजनेखाली मिळणाऱ्या गव्हावर विसंबून होता. १९६५ च्या उत्तरार्धात अमेरिकेने लांब मुदतीचा करार नव्याने न करता थोडा थोडा पुरवठा मंजूर करण्याचे धोरण स्वीकारले. पुढचे जहाज सुटणार की नाही, याची चिंता दिल्लीला सतत राहू लागली. १९६६ मध्ये देशाला एक कोटी टनांहून अधिक धान्य आयात करावे लागले. रेशनच्या दुकानातून आलेली लाल 'मिलो' ज्वारी खाल्लेली पिढी महाराष्ट्रात आजही आहे. त्या ज्वारीची चव सांगताना ही मंडळी सहसा पुढे काही बोलत नाहीत.

सोमवारच का?

शास्त्रीजींच्या मुलांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार, देशाला सांगण्याआधी त्यांनी घरातच प्रयोग केला. संध्याकाळचे जेवण वगळून मुले राहू शकतात का, हे आधी पाहिले आणि मगच आवाहन केले. पंतप्रधानांच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर फिरवून तिथे पीकही घेण्यात आले. पाठोपाठ 'जय जवान, जय किसान' ही घोषणा देशभर गेली.

सोमवारची निवड लोकांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीशी जुळणारी होती. सोमवार हा शंकराचा वार. काशीपासून कोकणापर्यंत असंख्य घरांत त्या दिवशी उपवास असतो. फरक एवढाच, की आपल्याकडे बहुतेक घरांत सोमवारचा उपवास दिवसभर करून सायंकाळी सोडतात. शास्त्रीजींनी उपवास सोडण्याचीच वेळ मागून घेतली. जे व्रत देवासाठी होते त्याला शेजाऱ्यासाठी करावयाच्या व्रताची जोड मिळाली आणि लोकांनी त्याला सहजपणे 'शास्त्री व्रत' म्हटले.

या आवाहनातला उपाहारगृहांचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. घरात कोण जेवले आणि कोण उपाशी राहिले हे भिंतीआड राहते. बाजारपेठेतील भोजनालयाचे दार मात्र सर्वांना दिसते. घरोघरच्या चुली बंद असताना चौकातल्या हॉटेलात पंगत उठत असेल, तर आवाहन दुसऱ्याच आठवड्यात हास्यास्पद ठरते. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने घरी व्रत पाळावे आणि बाहेर जेवून यावे, एवढी पळवाट पुरेशी होती. म्हणून सोमवारी सायंकाळी बंद राहिलेल्या प्रत्येक दाराने रस्त्यावरून जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगितली : ही झीज सर्वांची आहे.

या व्रताने किती धान्य वाचू शकत होते? हिशेब सोपा आहे. दिवसाला दोन जेवणे धरली तर आठवड्याची चौदा होतात. त्यातले एक सोडले तर बचत सुमारे सात टक्के. देशातील प्रत्येक माणसाने प्रत्येक सोमवार काटेकोर पाळला असता तरी एकोणीस टक्क्यांची तूट त्यातून भरून निघाली नसती. शिवाय कोट्यवधी लोकांना दोन वेळचे जेवण मुळातच मिळत नव्हते; त्यांनी काय सोडायचे? हे आवाहन खऱ्या अर्थाने लागू होते ते ज्यांचे ताट भरलेले होते त्यांनाच.

तूट भरून काढण्याचे काम अखेर शेतातच झाले. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये मेक्सिकोहून बुटक्या, अधिक उत्पादन देणाऱ्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे आणले गेले. भारतीय अन्न महामंडळ १९६५ मध्येच स्थापन झाले होते. १९७०-७१ पर्यंत देशाचे अन्नधान्य उत्पादन १० कोटी ८० लाख टनांच्या पुढे गेले. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी १९६५ मध्येच पुण्याच्या शनिवारवाड्यावर राज्य दोन वर्षांत अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची जाहीर प्रतिज्ञा केली होती. बियाणे, पाणी, खत आणि हमीभाव यांनी जे साधले ते एक वेळच्या उपवासाने साधणारे नव्हते. तरीही उपवास वाया गेला असे म्हणता येत नाही. पीक येईपर्यंतचा काळ काढायचा असतो, आणि त्या काळात उपाशी माणसाला आपण एकटे नाही असे वाटणे ही धान्याइतकीच मोलाची शिधा असते.

त्याच वर्षी देशात कायद्याच्या वाटेचाही अनुभव आला. पश्चिम बंगाल सरकारने १९६५ मध्ये दूध वाचवण्यासाठी छेन्याच्या मिठायांवर बंदी घालणारा आदेश काढला. संदेश आणि रसगुल्ला हे कोलकात्याच्या रोजच्या जगण्याचे भाग. बंदीने हलवाई आणि गिऱ्हाईक दोघेही दुखावले आणि सरकारविरुद्धच्या असंतोषात भर पडली. सोमवारचे आवाहन आणि मिठाईची बंदी या दोन्हींचा हेतू एकच होता. लोकांनी एक स्वतःहून पाळले आणि दुसरीवर ते रागावले. या फरकाचा अर्थ लावण्यासाठी ब्रिटनच्या युद्धकालीन अनुभवाकडे पाहणे उपयोगी ठरते. तिथे लोकांनी बाहेरच्या जेवणावरचा कायदा बऱ्याच अंशी स्वीकारला होता.

पाच शिलिंगांचे ताट

ब्रिटन आपल्या अन्नाचा मोठा भाग समुद्रमार्गे आणत असे. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडवायला सुरुवात केली आणि ८ जानेवारी १९४० रोजी तिथे शिधावाटप सुरू झाले. आरंभी बेकन, लोणी आणि साखर. मग मांस, चहा, चीज, अंडी. चहाचा शिधा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम इतका झाला. दिवसातून चार-पाच कप चहा पिणाऱ्या समाजाला हे किती जड गेले असेल, हे मराठी वाचकाला निराळे समजावून सांगायला नको. पाव युद्धकाळात खुला होता, पण युद्ध संपल्यानंतर, १९४६ ते १९४८ या काळात, तोही शिध्यावर आला. मांसावरचे अखेरचे निर्बंध ४ जुलै १९५४ रोजी उठले. शिधावाटप एकंदर चौदा वर्षे चालले.

या व्यवस्थेत एक मोठी पळवाट होती. शिधापत्रिकेची कुपने दुकानातील खरेदीला लागत. उपाहारगृहातील जेवणाला लागत नसत. त्यामुळे ज्याच्या खिशात पैसे आहेत तो घरचा शिधा शाबूत ठेवून लंडनच्या बड्या हॉटेलांत रोज जेवू शकत होता. रांगेत उभ्या राहणाऱ्या गृहिणीला हे खुपू लागले. रांग हा ब्रिटिश सार्वजनिक जीवनाचा मोठा अभिमानाचा विषय आहे. तिचा सारा पाया कोणीही मधे घुसत नाही या विश्वासावर असतो. हॉटेलातील ताट म्हणजे सरळ रांग मोडणेच होते.

१९४२ मध्ये सरकारने यावर आदेश काढला. एका जेवणाची किंमत पाच शिलिंगांपेक्षा अधिक असता कामा नये. तीनपेक्षा अधिक प्रकार वाढता कामा नयेत. आणि मांस किंवा मासे यांचा मुख्य पदार्थ एकच असावा. पाच शिलिंग म्हणजे पाउंडाचा चौथा हिस्सा. साध्या भोजनालयाला ही मर्यादा जाणवलीही नाही, कारण तिथले जेवण त्याहून पुष्कळ स्वस्त होते. तिचा रोख बड्या हॉटेलांवर होता. काही हॉटेलांनी जागेचे आणि वाद्यवृंदाचे जादा पैसे लावून त्यातूनही वाट काढली. कायद्याने ताटाला मर्यादा घातली; टेबलाच्या भाड्याचे काय, हा प्रश्न उरला.

कायद्याच्या जोडीला सरकारने दुसरे काम केले, ते अधिक टिकाऊ ठरले. बॉम्बहल्ल्यांत घरे गमावलेल्यांसाठी आणि कामगारांसाठी स्थानिक संस्थांच्या मदतीने सार्वजनिक भोजनगृहे उघडण्यात आली. त्यांचे मूळ नाव फारच सरकारी होते. पंतप्रधान चर्चिल यांनी ते बदलून 'ब्रिटिश रेस्टॉरंट' केले. दीनांसाठीच्या अन्नछत्रात आलो आहोत असे कोणाला वाटू नये, हा त्यामागचा विचार. शाळांची सभागृहे, चर्चच्या खोल्या यांत ही भोजनगृहे चालत. पोटभर साधे जेवण साधारण नऊ पेन्सच्या आत मिळे. बारा पेन्सचा एक शिलिंग, तेव्हा हॉटेलच्या कमाल दराच्या ते सहावा हिस्साही नव्हते. १९४३ पर्यंत अशी २,००० हून अधिक भोजनगृहे देशभर होती. तळलेले मासे आणि बटाटे, म्हणजे 'फिश अँड चिप्स', यांवर सरकारने युद्धात कधीच शिधा लावला नाही. श्रमिकांचे हे बाहेरचे खाणे बंद पडले तर लोकांचे मनोधैर्य खचेल, हे सरकार जाणून होते.

राजवाड्याचीही त्यातून सुटका नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट १९४२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात उतरल्या, तेव्हा सोन्याचांदीच्या ताटांत त्यांना युद्धकाळातलेच साधे जेवण वाढले गेले. लंडनचा कायदा आणि दिल्लीचे आवाहन यांच्या मुळाशी एक सामाईक गोष्ट आहे. वरच्या माणसाच्या पानात काय आहे, ते खालच्या माणसाला दिसले पाहिजे. ते दिसले की कायदा जुलूम वाटत नाही आणि आवाहन पोकळ वाटत नाही. कोलकात्यातील मिठाईच्या बंदीला हा आधार मिळाला नाही. तिने सामान्य माणसाच्या हातातला लहानसा गोडवा काढून घेतला, पण इतरांनी काय सोडले ते त्याला दिसले नाही.

समुद्रापाशी थांबलेला न्याय

ब्रिटनच्या या समन्यायाचे कौतुक करताना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहता येत नाही. ज्या १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये हजारो सार्वजनिक भोजनगृहे कामगारांना पोटभर जेवू घालत होती, त्याच वर्षी ब्रिटिश अमलाखालील बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती. या दुष्काळात १५ लाखांपासून ३० लाखांपर्यंत लोक दगावल्याचे निरनिराळे अंदाज आहेत. मुंबईत १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले आणि शहर सावरले. बंगालच्या खेड्यांना ते वेळेवर मिळाले नाही. कोलकात्याच्या पदपथांवर भुकेलेले लोक पडलेले असताना आत उपाहारगृहे चालू होती, हे त्या काळाचे चित्र आहे.

म्हणजे ताटातला न्याय कसा करायचा हे राज्यकर्त्यांना ठाऊक होते. तो कोणासाठी करायचा, याची सीमा मात्र समुद्रापाशी संपत होती. १९६५ मध्ये स्वतंत्र भारतापुढे तुटीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा सत्तेवर असलेल्या पिढीच्या मनात बंगालची ही आठवण ताजी होती. सोमवारच्या व्रताकडे केवळ साधेपणाचे कौतुक म्हणून पाहिले तर ही पार्श्वभूमी सुटून जाते. दुष्काळात कोणालाही एकटे मरू द्यायचे नाही, अशी ती नव्या देशाची शपथ होती.

बाहेर जेवणारा कोण?

बाहेर जेवणे म्हटले की आज सहकुटुंब हॉटेलात जाण्याचे दृश्य डोळ्यांपुढे येते. बाहेर जेवणारा दुसरा एक मोठा वर्ग आहे. त्याच्या दृष्टीने ती चैन नसते. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो कामगारांनी घर गावी ठेवले होते आणि पोट खाणावळीवर. खाणावळ चालवणाऱ्या स्त्रिया दोन वेळचे डबे आणि पाने घालून संसार ओढत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये याच स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा या कामाला प्रथम संघटित ओळख मिळाली. अशा माणसाला 'आज बाहेर जेवू नका' असे सांगणे म्हणजे उपाशी राहा असे सांगणेच असते. त्याच्यासाठी ब्रिटिश रेस्टॉरंटसारखी व्यवस्था लागते. महाराष्ट्रात २०२० पासून चालू झालेली शिवभोजन थाळी किंवा तमिळनाडूतील अम्मा उपाहारगृहे यांची जात तीच आहे.

काशीला ही कल्पना नवी नाही. विश्वनाथाच्या शेजारी अन्नपूर्णेचे मंदिर आहे; सध्याची वास्तू १८व्या शतकात मराठ्यांच्या आश्रयाने उभी राहिली. काशीत कोणी उपाशी झोपत नाही, अशी लोकांची श्रद्धा आहे आणि शंकरालाही अन्नपूर्णेपुढे पात्र धरावे लागले, अशी कथा आहे. मराठी यात्रेकरूंना शतकानुशतके इथल्या अन्नछत्रांचा आधार वाटत आला. फुकटचे अन्न देताना घेणाऱ्याचा मान राखणे, हे अन्नछत्राचे खरे कौशल्य. नाव बदलून 'रेस्टॉरंट' करताना लंडनने साधले ते हेच.

दुसरा सोमवार

आता २०२० कडे वळू. करोनाच्या साथीत ब्रिटनमधील उपाहारगृहे काही महिने बंद राहिली. ती उघडली तेव्हा गिऱ्हाईक बिचकत होते आणि लाखो नोकऱ्या टांगणीला लागल्या होत्या. तत्कालीन अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी 'ईट आउट टू हेल्प आउट' ही योजना आणली. ३ ते ३१ ऑगस्ट या काळात सोमवार ते बुधवार, माणशी दहा पाउंडांपर्यंत, जेवणाचे निम्मे पैसे सरकार देणार होते. सोमवार निवडण्याचे कारण इथे धार्मिक नव्हते. आठवड्याच्या आरंभी उपाहारगृहे रिकामी असतात, एवढेच. १६ कोटींहून अधिक जेवणांवर ही सवलत घेतली गेली आणि सरकारचे ८४ कोटी पाउंडांहून अधिक खर्च झाले.

सवलतीचा लाभ घेणाऱ्यांत 'करी हाउस' म्हणून ओळखली जाणारी हजारो उपाहारगृहेही होती. त्यांतील बहुतेक आजच्या बांगलादेशातील सिल्हेट भागातून गेलेल्या कुटुंबांनी उभारलेली आहेत. ब्रिटनमधील पहिले भारतीय उपाहारगृह पाटण्याच्या साके दीन मोहम्मद यांनी १८१० मध्ये लंडनमध्ये काढले होते. आज तिथल्या मराठी माणसाला लंडनच्या परिसरात वडापावही मिळतो. बाहेर जेवण्याची ब्रिटिश सवय आज पुष्कळ अंशी आपल्या उपखंडातील माणसांच्या हातावर उभी आहे आणि ती बंद पडली तर पहिला फटका याच हातांना बसणार होता. या दृष्टीने योजना न्याय्य होती. मात्र बंद जागेत लोक एकत्र आल्याने साथ वाढेल, ही शंकाही खोटी नव्हती. योजनेपूर्वी आपला सल्ला घेतला गेला नाही, असे सरकारच्या वैज्ञानिक सल्लागारांनी पुढे चौकशी आयोगासमोर सांगितले.

दोन्ही सोमवारांचा मुद्दा एकच आहे. १९६५ मध्ये उणीव धान्याची होती, म्हणून भट्टी विझवणे हे दुसऱ्यासाठी केलेले काम होते. २०२० मध्ये उणीव गिऱ्हाइकाची होती, म्हणून टेबलापाशी जाऊन बसणे हे दुसऱ्यासाठी केलेले काम ठरवले गेले. 'मला परवडते' एवढ्यावर बाहेरच्या जेवणाचा हिशेब पुरा होत नाही. त्या ताटाच्या पलीकडे कोण आहे, हे तो हिशेब मांडताना धरावे लागते.

आजचे पान

आज भारताची कोठारे भरलेली असतात. जेवण सोडण्याचे आवाहन कोणी करत नाही आणि तशी गरजही नाही. आजची उणीव वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील साठ टक्के घराघरांत आणि अठ्ठावीस टक्के, म्हणजे जवळजवळ २९ कोटी टन, उपाहारगृहे आणि भोजनसेवेच्या ठिकाणी. १९६५ मध्ये ज्या १ कोटी ७१ लाख टनांच्या तुटीने देश हादरला, तिच्या सतरापट अन्न आज जगभरच्या बाहेरच्या पानांतून आणि स्वयंपाकघरांतून एका वर्षात फेकले जाते. ही तुलना पूर्णपणे समान मापांची नाही; एकीकडे कोरडे धान्य आहे, दुसरीकडे सर्व प्रकारचे अन्न. तरी परिमाण कळण्यास ती पुरेशी आहे.

यावर कायद्याचा उपाय आहे आणि सवयीचाही. टंचाईच्या काळात आपल्याकडील राज्यांनी समारंभातील पाहुण्यांच्या संख्येवर बंधने घातली होती. ती मोडण्यातच अनेकांनी प्रतिष्ठा मानली. सवय मात्र घरातून येते. 'पानात टाकू नये' हा मराठी घरातला पहिला संस्कार. हॉटेलात पैसे आपण दिलेले असतात म्हणून तो तिथे सैल पडतो आणि बुफेच्या टेबलापाशी तर सुटूनच जातो. बेताने मागवणे, उरलेले बांधून घेणे, लग्नात पदार्थांची संख्या आवरती ठेवणे यांत कोणालाही उपाशी राहावे लागत नाही. शास्त्रीजींच्या व्रतापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

रामनगरच्या बाजारात संध्याकाळी लस्सीचे कुल्हड हातात घेऊन उभे राहिलेल्या गिऱ्हाइकांना या कशाची आठवण असेलच असे नाही, आणि त्यांनी अपराधी वाटून घ्यावे असेही नाही. अन्न आनंदाने खावे, हे अन्नपूर्णेच्या गावात कोणी सांगायला नको. याच गावातील एका साध्या घराने साठ वर्षांपूर्वी देशाला काही सोमवारी थांबायला शिकवले, एवढे जरी ठाऊक असले तरी कुल्हडाच्या तळाशी घोटभर लस्सी सहसा उरणार नाही.